खवल्यांची पिशवी कोर्टात पोहोचते तेव्हा

खवले मांजराला दात नसतात आणि फार वेगाने पळताही येत नाही. संकटाची चाहूल लागली की ते डोकं पोटाशी घेतं, वरून शेपटी गुंडाळतं आणि चेंडू होऊन पडून राहतं. बिबट्यालाही तो चेंडू सहसा उलगडत नाही. माणसाला उलगडायची गरजच पडत नाही. तो सरळ उचलून पोत्यात घालतो. ज्या युक्तीने हे जनावर आजवर तगलं, तीच माणसापुढे त्याच्या जिवावर उठते.

त्याची खवलं केराटिनची असतात. आपली नखंही केराटिनचीच. त्यांत औषधी गुण असल्याचा पुरावा नाही, तरी पूर्व आशियात पिढ्यान् पिढ्या ती औषध म्हणून विकली गेली. चीनने २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधकोशातून ती वगळली, पण चोरटी मागणी थांबलेली नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते: ‘पैशांचा पाऊस’ पाडून देतो म्हणणारे भोंदू पूजेसाठी जिवंत खवले मांजर मागतात. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. एक मादी पोत्यात गेली की मागे उरलेली पोकळी भरायला वर्षं लागतात.

हे जनावर कोकणात आहे, सह्याद्रीच्या उतारांवर आहे, आणि त्याची तस्करीही तिथेच आहे. वर्तमानपत्रात मधूनमधून चार ओळींची बातमी येते: अमुक ठिकाणी खवले मांजराची खवलं जप्त, तिघे ताब्यात. पुढचं सहसा छापून येत नाही, आणि खरी गोष्ट तर तिथून सुरू होते. म्हणून घाटपायथ्याच्या एका गावातलं नमुन्याचं प्रकरण घेऊ आणि ती पिशवी कोर्टापर्यंत कशी जाते ते पायरीपायरीने पाहू. गाव आणि माणसं कल्पित आहेत, पायऱ्या खऱ्या.

आधी कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यात मोठी दुरुस्ती २०२२ मध्ये झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. पूर्वी सहा अनुसूची होत्या, आता चार आहेत. पहिलीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी, दुसरीत त्याखालचे, तिसरीत वनस्पती, आणि चौथीत ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती. भारत या कराराचा सदस्य १९७६ पासून आहे. खवले मांजर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. कलम ९ शिकारीला बंदी घालतं. कायद्यातला ‘शिकार’ हा शब्द आपल्या रोजच्या शब्दापेक्षा खूप रुंद आहे. मारणं तर आलंच. पकडणं, फासकी लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं, हाकून आणणं, पक्ष्याचं किंवा सरपटणाऱ्या प्राण्याचं अंडं-घरटं मोडणं, आणि यातल्या कशाचा नुसता प्रयत्नही शिकारच. बंदुकीचा बार उडालाच पाहिजे असं नाही. मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास करवंदीच्या जाळीत बांधला, एवढ्यानेही गुन्हा होतो.

आता खबर. वनखात्याचं काम जंगलात चालतं तितकंच चहाच्या टपरीवर चालतं. खबऱ्या सांगतो की गावात कोणीतरी खवलं विकायला काढली आहेत, फोटो मोबाइलवर फिरतो आहे. कधी ही खबर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर येते, कधी केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोकडून. ब्युरो २००७ मध्ये स्थापन झाला आणि त्याचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईचं म्हणून ओळखलं जातं. मग बनावट ग्राहक पाठवायचं ठरतं. भाव बोलला जातो, जागा ठरते, बहुधा हमरस्त्यावरचा ढाबा किंवा एसटी थांबा. वनपरिक्षेत्र अधिकारी, त्यांचे वनपाल, दोन-तीन वनरक्षक साध्या कपड्यांत आसपास थांबतात. वनरक्षक हा या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत खालचा माणूस. त्याच्या वाट्याला एक बीट, म्हणजे जंगलाचा ठरलेला तुकडा, येतं, आणि ते राखायला पायांखेरीज मोटारसायकल आणि काठी, फार तर एवढंच. मला या लेखात सांगायचं आहे ते इतकंच आहे: खटला कोर्टात हरला जातो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो ढाब्यामागच्या त्या पहिल्या दोन-तीन तासांत हरला किंवा जिंकला जातो, आणि ते या खालच्या माणसाच्या हातात असतं.

पिशवी हाती आली. आता काय? उत्साहात ती उघडून सगळ्यांनी हाताळायची, फोटोसाठी आरोपींना उभं करायचं आणि कागदपत्रं कार्यालयात जाऊन ‘नंतर’ करायची, ही सगळ्यांत घातक चूक. पंचनामा जागेवर व्हायला हवा. दोन पंच हवेत, शक्यतो त्याच परिसरातले आणि प्रकरणाशी संबंध नसलेले. गावातली माणसं कचरतात, कारण आरोपीही त्याच गावचा किंवा शेजारच्या वाडीचा असतो. म्हणून कधी ग्रामसेवक, कधी शिक्षक पंच म्हणून बोलावले जातात. पंचांसमोर पिशवी उघडायची. खवलं मोजायची, वजन करायचं, काटा कुठला वापरला ते लिहायचं. रंग, आकार, ओली आहेत की वाळलेली, कडेला मांस चिकटलेलं आहे का, हे सगळं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण आवश्यक झालं. ही सुधारणा मला मोलाची वाटते, कारण पुढे कोर्टात ‘आमच्या अंगावर पिशवी टाकली’ असा बचाव आला की ते चित्रीकरण साहेबांपुढे दाखवता येतं. अर्थात मोबाइलची बॅटरी शिल्लक असेल तर. रात्री अकरा वाजता रानात हा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

मग सील. हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. नमुन्याची काही खवलं वेगळ्या पाकिटात, बाकीची दुसऱ्या पाकिटात. प्रत्येक पाकीट कापडात गुंडाळायचं, सुतळीने बांधायचं, गाठीवर मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळवलेली लाख थेंबथेंब सोडायची आणि ती गार होण्याआधी पितळी मोहोर दाबायची. लाख जास्त तापली तर मोहोर धड उमटत नाही, थंड झाली तर तडकते. गाठीखाली एक चिठ्ठी जाते. तिच्यावर गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ, मालाचं वर्णन, दोन्ही पंचांच्या सह्या, आरोपीची सही किंवा अंगठा, अधिकाऱ्याची सही. त्याच मोहोरेचा नमुना ठसा पंचनाम्याच्या कागदावरही घ्यायचा, म्हणजे प्रयोगशाळेत पाकीट पोहोचल्यावर तिथला माणूस दोन्ही ठसे ताडून पाहू शकतो. हे पाकीट नंतर कोणाच्या हातात, कोणत्या तारखेला, कोणत्या कपाटात गेलं, याची मुद्देमाल नोंदवहीत सलग नोंद लागते. मधले चार दिवस सुटले, तर आरोपीचा वकील विचारतो: या चार दिवसांत माल कुठे होता? त्याचं उत्तर नसेल, तर खवलं खरी असूनही पुरावा पोकळ होतो.

यानंतर प्राथमिक गुन्हा अहवाल, खात्याच्या बोलीत ‘पीओआर’. वनखात्याचा पीओआर म्हणजे पोलिसांच्या एफआयआरचा चुलतभाऊ. त्यात कलमं घालायची: ९, ३९, ४४, ४८अ, ४९ब, ५१. कलम ३९ म्हणतं की वन्यप्राणी आणि त्याचं अंग ही सरकारची मालमत्ता आहे, आणि असं काही कोणाच्या ताब्यात आलं तर ४८ तासांत कळवायला हवं. रस्त्यावर मोरपीस सापडलं म्हणून कोणी घाबरू नये. मोराच्या आपोआप गळलेल्या पिसांना कायद्यात वेगळी सूट आहे. पण वाघाचं नख आजोबांच्या पेटीत निघालं, तर गोष्ट वेगळी. कलम ५७ तर आणखी पुढे जातं. वन्यप्राण्याचं अंग ताब्यात सापडल्याचं सिद्ध झालं, की ताबा बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं, आणि उलटं सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर येतं. एवढं कडक कलम असूनही माणसं सुटतात, कारण ‘ताब्यात सापडला’ हेच नीट सिद्ध होत नाही. पुन्हा तोच पंचनामा.

आरोपीला २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर न्यायचं असतं. या दरम्यान या कायद्याची एक मोठी ताकद वापरता येते, आणि तिची ओळख सर्वसामान्य वाचकाला सहसा नसते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे आपल्याला चित्रपटांतून ठाऊक आहे. वन अधिकारी पोलीस अधिकारी मानला जात नाही. कलम ५०(८) प्रमाणे अधिकार दिलेला सहायक वनसंरक्षक किंवा त्याच्या वरचा अधिकारी साक्षीदारांना बोलावू शकतो, कागदपत्रं मागवू शकतो, पुरावा नोंदवू शकतो. तो पुरावा आरोपीच्या समक्ष नोंदवला असेल, तर पुढे खटल्यात ग्राह्य धरता येतो. अट साधी, पण ती पाळली जात नाही म्हणून किती जबाब फुकट गेले असतील! साक्षीदाराचा जबाब एका खोलीत घेतला आणि आरोपी दुसऱ्या खोलीत बसवून ठेवला, की हा दरवाजा बंद.

सीलबंद पाकिटं प्रयोगशाळेत जातात: डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची ‘लॅकोन्स’ ही शाखा. तिथे मायटोकाँड्रियातल्या डीएनएवरून प्रजाती ठरते. शिजवलेलं मांस असो, वाळलेलं कातडं असो, जनावर कोणतं हे सांगता येतं. एरवी कोर्टात ‘हे रानडुकराचं नव्हे, गावठी डुकराचं मांस’ असा बचाव सर्रास येतो. वाघाच्या बाबतीत तर याहून थक्क करणारी सोय आहे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. गणनेसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या वाघांच्या छायाचित्रांचा साठा डेहराडूनला आहे. दूरच्या राज्यात कातडं सापडलं, की पट्टे ताडून तो वाघ जिवंतपणी कोणत्या जंगलात फिरत होता हे सांगता येतं.

अहवालाला वेळ लागतो, आणि इथे घड्याळाची टिकटिक सुरू असते. तपास ६० दिवसांत पुरा होऊन कोर्टात कागद दाखल झाले नाहीत, तर कोठडीतला आरोपी जामिनाचा हक्क मागू शकतो. शिवाय पोलिसांच्या आरोपपत्रावर हा खटला उभा राहत नाही. कलम ५५ प्रमाणे अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने कोर्टात रीतसर फिर्याद द्यावी लागते. साधा नागरिकही फिर्याद देऊ शकतो. त्याने ६० दिवस आधी सरकारला नोटीस द्यायची एवढंच. ही तरतूद वापरणारे विरळाच.

फिर्यादीवरचा खटला असल्याने साक्षीदारांना दोनदा उभं राहावं लागतं. एकदा दोषारोप ठेवण्याआधी, एकदा नंतर. म्हणजे त्या ढाब्यावरचा पंच, समजा शिक्षक असेल तर, शाळा सोडून तालुक्याच्या कोर्टात दोनदा येणार, तारीख पडली तर चारदा. तोवर आरोपी जामिनावर गावात परतलेला असतो. बाजाराच्या दिवशी समोरासमोर गाठ पडते. मग एके दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात पंच म्हणतो, मला आठवत नाही, सही माझी आहे पण कागद वाचला नव्हता. साक्षीदार फितूर झाला असं आपण म्हणतो. त्याला दोष देताना मला तरी जीभ आखडती घ्यावीशी वाटते. त्याच्या प्रवासखर्चाची, त्याच्या निर्धास्तपणाची जबाबदारी कोणी घेतली होती का?

गुन्हा सिद्ध झाला, तर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी कलम ५१ खाली किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, आणि किमान २५ हजार रुपये दंड. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात शिकार केली तर दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत, आणि दुसऱ्यांदा तोच गुन्हा केला तर कैद किमान सात वर्षं. वापरलेलं वाहन जप्त होतं, पण जप्त झालं म्हणून लगेच सरकारचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितलं की दंडाधिकारी ते तात्पुरतं मूळ मालकाला देऊ शकतात.

आता सगळ्यांत अवघड भाग. ढाब्यावर सापडणारा माणूस कोण असतो? बहुधा जनावर पकडणारा, किंवा गावातून शहराकडे माल पोहोचवणारा. त्याला मिळणारे पैसे साखळीतले सगळ्यांत कमी. त्याच्या वरच्या माणसाचं नाव पिशवीवर नसतं, त्याच्या फोनमध्ये असतं. संसारचंद हा वाघ-बिबट्यांच्या कातड्यांचा कुख्यात व्यापारी १९७४ मध्ये पहिल्यांदा पकडला गेला, आणि तरी पुढची कितीतरी वर्षं धंदा चालवत राहिला. २००३ मध्ये राजस्थानात रेल्वेत बिबट्यांची कातडी नेणारा एक माणूस सापडला, त्या धाग्यावरून पुढे संसारचंदपर्यंत पोहोचलेल्या प्रकरणात त्याची शिक्षा २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. मधल्या काळात, २००५ च्या सुमारास, राजस्थानातल्याच सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले सगळे वाघ संपल्याचं उघड झालं आणि देश हादरला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि गुन्हे नियंत्रण ब्युरो दोन्हींची मुळं २००६ च्या दुरुस्तीत आहेत. आपल्याकडे मेळघाटात २०१३ मध्ये वाघांच्या शिकारी उघडकीस आल्यावर वनखात्यानेच फोनचे तपशील तपासणारा आपला कक्ष उभारला. शिकाऱ्यांकडून दलालापर्यंत आणि दलालाकडून दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्यापर्यंत जाणारी वाट कॉलच्या नोंदींतून दिसते. प्रत्येक वनविभागाला असं काम जमलं पाहिजे, असं मला तळमळीने वाटतं. नाहीतर तुरुंग फक्त पकडणाऱ्यांनी भरतील आणि विकत घेणारे दुसऱ्या पकडणाऱ्याला फोन करतील.

विदर्भात चित्र वेगळं आहे. तिथे वाघ पुष्कळदा शिकाऱ्यामुळे नाही, तर विजेच्या तारेमुळे मरतो. रानडुक्कर हरभऱ्याचं शेत एका रात्रीत उकरतं. शेतकरी वरच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडतो, आणि पहाटे कुंपणाशी वाघ पडलेला असतो. कायद्याने स्वतःच्या जिवाच्या बचावात वन्यप्राणी मारला गेला तर माफी आहे. पिकाच्या राखणीसाठी सोडलेल्या करंटला ती मिळत नाही, वर वीजचोरीचाही गुन्हा लागतो. घाबरून तो माणूस वाघ पुरतो, कधी नखं-दात काढतो. त्या एका कृतीने अपघाताचा व्यापार होऊन बसतो. असा वाघ सापडला की खात्यात एक गंभीर विधी पार पडतो. शवविच्छेदन साक्षीदारांसमोर होतं, नखं मोजली जातात, पुढच्या पायांची पाच-पाच, मागच्यांची चार-चार, एकूण १८. सुळे चार. मिशांचे केससुद्धा पाहिले जातात. मग संपूर्ण देह तिथेच जाळतात आणि राख होईपर्यंत माणसं उभी राहतात, कारण एक नख जरी गायब झालं तरी ते बाजारात जाईल.

झाडांच्या वाट्याला एवढी काळजी येत नाही. १९९१ च्या दुरुस्तीत पहिल्यांदा वनस्पतींचं प्रकरण कायद्यात आलं तेव्हा यादीत फक्त सहा नावं होती. आता ती वाढली आहे. वनजमिनीवरून अशी वनस्पती उपटायला बंदी आहे, स्थानिक आदिवासींच्या स्वतःच्या वापराला सूट आहे. पण सह्याद्रीत लुटला जाणारा नरक्या बघा. त्याच्या फुलांच्या दुर्गंधीमुळे त्याला हे नाव पडलं, आणि त्याच्या लाकडातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कर्करोगावरची औषधं बनतात. त्याचे तुकडे पोत्यात भरले की सरपणासारखे दिसतात. त्याचा गुन्हा बहुधा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली, विनापरवाना वाहतुकीचा म्हणून नोंदवला जातो. मूळ आंध्रातलं रक्तचंदन न्हावा शेवा बंदरात दुसऱ्या मालाच्या नावाखाली कंटेनरमध्ये सापडतं, तेव्हा काम सीमाशुल्क आणि महसूल गुप्तचर यंत्रणेकडे जातं. आणि हत्ताजोडी? पूजेच्या दुकानात, संकेतस्थळांवर, दुर्मीळ मुळी म्हणून विकली जाणारी ती वस्तू नर घोरपडीचं जननेंद्रिय असतं, वाळवलेलं. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. घरात समृद्धी यावी म्हणून देवघरात ठेवणाऱ्याला आपण मृत प्राण्याचं अंग ठेवलं आहे, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आपल्या खवल्यांच्या पिशवीकडे परत येऊ. तीन-चार वर्षं उलटलेली असतात. ढाब्यावर सील लावणारा वनरक्षक आता दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेला असतो. समन्स आलं म्हणून तो पहाटेची एसटी पकडून येतो. वरांड्यात बसून पंचनाम्याची झेरॉक्स पुन्हा पुन्हा वाचतो. नाव पुकारल्यावर पिंजऱ्यात उभा राहतो. शिपाई मुद्देमालाचं पाकीट मेजावर आणतो. लाखेची कड तुटलेली आहे का, हे आधी वकील पाहतात, मग न्यायाधीश. वनरक्षकाला विचारतात, हे सील तुम्ही लावलं का? तो गाठीखालची चिठ्ठी उलटवतो, पिवळ्या पडलेल्या कागदावर आपली सही शोधतो, आणि म्हणतो, हो साहेब, मीच.